आधी वजन, मग फ्लोट: ब्लूगिल आणि ट्राउटच्या मागे घालवलेले दोन सीझन

मे महिन्यातला एक रविवार, आमच्या एडिसनचं रुझवेल्ट पार्कचं तळं, आणि माझ्या मुलाचा लाल-पांढरा बॉबर, म्हणजे लाइनला लावायचा गोल तरंगता फ्लोट, चाळीस मिनिटं नुसता नाचतोय. टुकटुक, जरा बाजूला सरकला, परत टुकटुक, मग गप्प. पोरगं रॉड ओढायचं तर हूक रिकामा आणि गांडूळ साफ. दुपारपर्यंत गांडुळांचा अख्खा डबा संपला, मासा एकही नाही, आणि नऊ वर्षांचं पोर मला विचारतंय, "आई, ते खाली जातच नाहीये, मग मी ओढू कधी?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधण्यात माझे दोन सीझन गेले आणि काय काय जुळवलं ते इथे लिहितेय, कारण मला तेव्हा हे कुणी मराठीत सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी जरा पार्श्वभूमी. मी मूळची कराडची, न्यू जर्सीत येऊन बारा वर्षं झाली, एका फार्मा कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते म्हणजे दिवसभर मोजणं आणि लिहून ठेवणं हेच. फिशिंग सुरू झालं ते मुलामुळे. इथे सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, मोठ्यांना लागतं, आणि ट्राउट पकडायचा असेल तर त्यावर वेगळा ट्राउट स्टॅम्प घ्यावा लागतो. तो मी पहिल्याच वर्षी घेतला. दुकानातून रॉड-रीलचा एक तयार सेट आणला, त्यातच तो लाल-पांढरा गोल बॉबर, मोठे हूक आणि शिशाच्या गोळ्यांचं एक पाकीट होतं. मला वाटलं सेटमध्ये दिलंय म्हणजे हेच लागत असणार.

त्या रविवारी संध्याकाळी कराडला दादाला फोन लावला, तिकडे सोमवारची सकाळ होती. दादा लहानपणी कृष्णेच्या डोहात गळ टाकून बसायचा, मी शेजारी बसून गांडुळं द्यायची. त्याला व्हिडिओवर बॉबर दाखवला तर म्हणाला, "अगं हा चेंडू हाय चेंडू. ह्याला खाली ओढायला मरळ लागंल. बारक्या माशाला कसा ओढंल?" मग एकदम आठवलं, आम्ही ज्वारीच्या धाटाचा भेंड काढून वापरायचो, बोटाएवढा तुकडा, आणि खाली जुन्या पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) कडेची शिशाची गोळी. मी विचारलं, "दादा, वजन किती लावायचास तू?" तर म्हणे, "भेंड बुडंस्तवर. पार बुडाय लागला की शिशाचा जरासा तुकडा चिमटून काढायचा. नुसतं टोक दिसलं पायजे पाण्यावर. अन भेंड आडवा पडला तर समजायचं, गोळी तळाला टेकली." एवढं बोलून तो दुकान उघडायला निघून गेला. मी मात्र रात्री उशिरापर्यंत त्या एका वाक्यावर अडकून होते, भेंड बुडेस्तोवर वजन लावायचं. म्हणजे आपण उलटं करत होतो, आधी बॉबर घेतला आणि वजन म्हणून एक गोळी अशीच कुठेतरी चिमटली.

दुसऱ्या दिवशी किचनमध्ये बादली भरली. माझ्याकडे सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आहे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो, तो घेतला. एक इंची बॉबर पाण्यात सोडला आणि त्याला खाली पाच सेंटचं निकल टेपने टांगलं. निकल बरोबर ५ ग्रॅमचं असतं. तरीसुद्धा बॉबरचा साधारण पाव भाग पाण्याबाहेरच. म्हणजे पोरगं तळ्यावर जी गोळी लावत होतं, काट्यावर ०.८ ग्रॅम भरली ती, त्याने बॉबरला काहीच फरक पडत नव्हता, तो अगदी मोकळा तरंगत होता आणि त्याला बुडवायला माशाला आणखी पाच-साडेपाच ग्रॅमची ओढ लावायला लागणार होती. आता ब्लूगिल, म्हणजे ह्या तळ्यातला तळहाताएवढा मासा, खातो कसा हे बघा. तोंड इवलंसं, तो आमिषाला चावून पळत नाही, जवळ येऊन थांबतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि काही खटकलं की तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. समोरून ओढ जाणवली की खटकणारच. आमचा बॉबर जो टुकटुक करत होता तो प्रत्येक टुक म्हणजे मासा गांडूळ आत घेऊन बाहेर टाकत होता.

मग मी एक हिशोब केला आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला म्हणून तो नीट सांगते. फ्लोट किती वर-खाली होणार हे त्याच्या पाण्याच्या रेषेवरच्या जाडीवर ठरतं. एक इंची गोळा मध्यावर तरंगत असेल तर तिथे त्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१ ग्रॅमचा फरक पडला तर गोळा पाव मिलिमीटरसुद्धा हलत नाही, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. आणि तेच टोक २ मिलिमीटर जाडीच्या काडीचं असेल आणि फ्लोट त्या काडीपर्यंत बुडवलेला असेल तर तेवढ्याच ०.१ ग्रॅमला ती काडी जवळजवळ तीन सेंटिमीटर वर-खाली होते. एकच मासा, एकच आमिष, एकीकडे काहीच दिसत नाही आणि दुसरीकडे बोटभर हालचाल. हे कळल्यावर मी तो बॉबर सेटसकट बाजूला ठेवला.

आता वजनांबद्दल. ह्या बारीक गोळ्यांना स्प्लिट शॉट म्हणतात, मधे चीर असते, त्यात लाइन घालून दाबायची. इंग्लंडमध्ये ह्यांच्या नंबरांना ठरलेली वजनं आहेत आणि मी आता तोच तक्ता धरून चालते: ट्रिपल ए म्हणजे ०.८ ग्रॅम, बीबी ०.४, १ नंबर ०.३, ४ नंबर ०.२, ६ नंबर ०.१ आणि ८ नंबर ०.०६. नंबर वाढला की गोळी लहान होते हे आधी उलटं वाटतं पण सवय होते. इथे अमेरिकेत मात्र पाकिटावरचे नंबर कंपनीगणिक वेगळे, आणि मला मिळालेल्या पहिल्या पाकिटावर तर वजनच छापलेलं नव्हतं, नुसतं लहान-मध्यम-मोठं. ह्याचा मला खरंच राग येतो. वजन विकताय तर वजन लिहा ना. मी शेवटी सगळ्या गोळ्या काट्यावर घालून गोळ्यांच्या जुन्या डब्यांमधे भरल्या, त्या आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डब्या असतात बघा औषधांच्या, त्या ह्याला एकदम बरोब्बर होतात.

आणि शिसं घेऊ नका. हे मी फार मनापासून सांगतेय. तळ्यावर मी एका माणसाला शॉट दातांनी दाबताना बघितलं आणि तेच बघून माझ्या मुलाने पण गोळी तोंडाकडे नेली, माझ्या पोटात गोळा आला. शिसं मुलांच्या मेंदूला किती वाईट हे लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. पक्ष्यांचं तर अजून वाईट, लून नावाचे पाणपक्षी आणि हंस पोटातलं अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात ह्या गोळ्या जातात आणि ते विषबाधेने मरतात. हंसांसाठीच इंग्लंडने १९८७ पासून ह्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली, आमच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात अर्धा औंस आणि त्याहून हलक्या शिशाच्या सिंकर्सची (लाइन बुडवायच्या वजनांची) विक्री २००४ पासून बंद आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही गोड्या पाण्यात एक औंसाखालचं शिसं २०१२ पासून चालत नाही. मी कथलाचे शॉट वापरते. कथिल शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला गोळी साधारण दीडपट मोठी दिसते, आणि जरा कडक असते म्हणून चीर दाबायला छोटी पक्कड लागते. लाइन आधी ओली करायची आणि हळूच दाबायचं, कारण बारीक लाइनवर गोळी कोरडी सरकवली की लाइन तिथेच घासून कमजोर होते आणि नेमकी मोठ्या माशाला तुटते. हे माझं दोनदा झालंय. आणि त्या कानवाल्या गोळ्या, ज्या कान दाबून परत उघडता येतात, त्या तळ्यावर ठीक आहेत पण वाहत्या पाण्यात ते कान पंख्यासारखे फिरतात आणि लाइनला पीळ पडतो, नदीला गोल गुळगुळीतच घ्यायच्या.

मग फ्लोट शोधला. बाल्सा लाकडाचा पेन्सिलसारखा सडपातळ, वर बारीक नारिंगी टोक, बाजूला ३ बीबी लिहिलेलं. म्हणजे १.२ ग्रॅम घेतो. पण मी सगळे शॉट बीबीचे लावले नाहीत, दोन बीबी, एक ४ नंबर आणि दोन ६ नंबर असे लावले, बेरीज तेवढीच होते. बादलीत हूक आणि गांडुळाच्या तुकड्यासकट सोडून बघितलं तर टोक पार बुडालं, कारण हूक आणि गांडुळाचं वजन मी धरलंच नव्हतं, मग एक ६ नंबर काढला आणि नारिंगी टोक बरोबर दीड सेंटिमीटर वर राहिलं. आमिष लावूनच बादलीत बघायचं हे तेव्हापासून पक्कं. हूक १० नंबरचा, बारीक तारेचा लांब दांडीवाला, कारण ब्लूगिल हूक गिळतो आणि लांब दांडी असली की काढता येतो. मेन लाइन ४ पाउंडाची, म्हणजे तेवढी ओढ सहन करणारी. गांडूळ अख्खं लावायचं नाही, नखाएवढा तुकडा पुरे.

पुढचा शनिवार. तेच तळं, तोच काठ. गोळ्या लावताना दोन बीबी लाइनच्या मधल्या भागात एकत्र ठेवल्या म्हणजे फेकताना त्या पुढे जातात आणि गुंता होत नाही, ४ नंबर त्याच्या खाली, आणि ६ नंबरची गोळी हुकाच्या वर फक्त एक वीतभर. पोराने टाकला, फ्लोट आडवा पडला, मग एकेक गोळी खाली जाईल तसा सावकाश उभा राहिला, आणि ते नारिंगी टोक पाण्यावर स्थिर झालं. दोन मिनिटं काही नाही. आणि मग ते टोक खाली जायच्या ऐवजी वर आलं. हळूहळू, कुणीतरी खालून ढकलल्यासारखं, बोटभर वर. मुलगा ओरडला "आई हे वर का आलं?" आणि मी ओढ म्हणाले, का म्हणाले मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं, आणि रॉड वाकला. तळहाताएवढा ब्लूगिल, पोट नारिंगी, कानामागे काळा ठिपका, गोल गोल फिरत काठाला आला. नंतर कळलं की ह्याला लिफ्ट बाइट म्हणतात. मासा तळाजवळचं आमिष उचलून वर येतो, शेवटच्या गोळीचं वजन त्याने उचललं की फ्लोटवरचं तेवढं ओझं कमी होतं आणि टोक वर येतं. म्हणून शेवटची गोळी हुकाजवळ ठेवायची, तीच बातमी देते. गोल बॉबरवर ही बातमी कधीच दिसली नसती. त्या दिवशी अकरा मासे झाले, सगळे परत सोडले, आणि पोरगं कारमध्ये बसेस्तोवर बोलत होतं.

जून सुरू झाला की ब्लूगिल अंडी घालायला काठाजवळ येतात, पाणी साधारण वीस अंशांच्या वर गेलं की. तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, एकाला एक लागून, चंद्रावरचे खड्डे असतात तसे, आणि प्रत्येक खड्ड्यावर नर राखण करत उभा असतो. तिथे पाणी दोन-तीन फूटच, मासा काहीही जवळ आलं की तोंड मारतो, एकदम सोपं पडतं. पण आम्ही खड्ड्यावरचे नर धरायचे नाहीत असं ठरवलंय, तो उचलला की बाकीचे मासे येऊन अंडी खातात. त्या दिवसांत जरा बाहेरच्या अंगाला, गवताच्या कडेला टाकतो. इतक्या उथळ पाण्यात १.२ ग्रॅमसुद्धा जास्त होतं, पाण्यावर पडल्याचा आवाज येतो आणि मासे पांगतात, तिथे मी ०.६ ग्रॅमचा लहान फ्लोट आणि नुसत्या ६ नंबरच्या गोळ्या दूर दूर लावते, गांडूळ पानासारखं तरंगत खाली जातं आणि बहुतेक वेळा तळाला पोचायच्या आधीच घेतात.

खोली मोजायला दादाची युक्ती. फ्लोट आडवा पडला तर खोली जास्त लावलीय, गोळी टेकलीय, थोडा थोडा खाली सरकवत जायचं, उभा राहिला की तळाच्या अगदी वर आलो. किती साधं आहे हे, आणि मी त्यासाठी हुकाला लावायचं वेगळं वजन विकत घेणार होते.

वाऱ्याने मात्र रडवलं. जुलैत एकदा वारा इतका होता की फ्लोट पडला की लाइन पाण्यावर धनुष्यासारखी वाकायची आणि फ्लोटला ओढत न्यायची, टोक आपोआप बुडायचं, मासा समजून ओढलं की काही नाही. त्याला वॅगलर नावाचा फ्लोट, जो फक्त खालच्या टोकाला लाइनला अडकवतात. टाकल्यावर रॉडचं टोक पाण्यात खुपसून रील दोन-तीन वेळा झटकन फिरवायचं, लाइन पाण्याखाली जाते आणि वारा वरून निघून जातो. वॅगलरला जवळजवळ सगळं वजन फ्लोटच्या दोन्ही बाजूंना चिकटवून लावतात आणि खाली फक्त दोन-तीन बारीक गोळ्या. मला ह्यात फेकही लांब मिळाली, त्यामुळे आता तळ्यावर वारा असो नसो मी तोच घेते.

आता ट्राउट, आणि इथे मी सुरुवातीला पुन्हा चुकले.

न्यू जर्सीचा अधिकृत मासा ब्रुक ट्राउट आहे, पण राज्य सरकार वसंतात जे सोडतं ते वॉरेन काउंटीतल्या पेक्वेस्ट हॅचरीतून (मासे वाढवायच्या केंद्रातून) येतात आणि ते रेनबो ट्राउट असतात. आमच्या रुझवेल्ट पार्कमध्येही सोडतात. एप्रिलमध्ये सीझन उघडतो त्या शनिवारी सकाळी तळ्याला जत्रा असते. मी माझा लाडका १.२ ग्रॅमचा फ्लोट घेतला आणि हुकाला पॉवरबेट लावलं, ती चमचमती पिठाच्या गोळ्यासारखी आमिषं मिळतात ना ती, सगळे तीच वापरत होते. शेजारच्यांना मासे येतायत, मला नाही. एका आजोबांनी, रोज येणारे होते ते, माझ्या लाइनकडे बघून विचारलं की हे पीठ पाण्यावर तरंगतं हे माहितीये का? मी हुकावरचा गोळा तोडून पाण्यात टाकला, खरंच तरंगला. म्हणजे माझं आमिष खाली लोंबतच नव्हतं, ते वर वर येऊन लाइनला लपेटत होतं. पॉवरबेट हे तळावरच्या वजनासाठी आहे: सरकतं सिंकर पाव औंसाचं म्हणजे ७ ग्रॅम, मग स्विव्हल (फिरती कडी), मग दीड-दोन फूट लीडर (हुकाकडचा लाइनचा वेगळा तुकडा) आणि हूक, सिंकर तळाला बसतं आणि पीठ दीड फूट वर तरंगत राहतं, ट्राउट फिरतो त्याच उंचीवर. फ्लोटखाली लावायचं तर बुडणारं काहीतरी, गांडुळाचा तुकडा, सॅल्मनची अंडी, किंवा बारीक जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला हूक. मी जिगवर गेले. औंसाचा बत्तिसावा भाग म्हणजे ०.८९ ग्रॅम, चौसष्टावा म्हणजे ०.४४, आणि हे वजन पण फ्लोटच्या हिशोबात धरायचं, १.२ च्या फ्लोटला बत्तिसावा जिग लावला तर वरती फक्त ०.३ ग्रॅमचे शॉट, बस.

पण खरी मजा नदीची. रॅरिटन नदीची साउथ ब्रँच, क्लिंटन गावात ती लाल पाणचक्की आहे तिच्यापासून खालच्या अंगाला. पाणी तीन फूट, खाली गोटे, प्रवाह बऱ्यापैकी. तिथे मी तळ्यावरची मांडणी जशीच्या तशी नेली, आणि दोन तास काही नाही. मग मी फ्लोट बघायचा सोडून पाणी बघत बसले. वरून फेसाचे बुडबुडे वाहत होते आणि माझा फ्लोट बुडबुड्यांच्या बरोबरीने किंवा पुढेच पळत होता. नदीत वरचं पाणी जोरात आणि तळाचं हळू, कारण तळाला गोट्यांचं घर्षण. ट्राउट तळाजवळ उभा राहतो, त्याच्यासमोरून बाकी सगळं, किडे, अळ्या, पानं, सावकाश जातंय आणि माझं गांडूळ मात्र दोरीने ओढल्यासारखं धावत जातंय. तो कशाला घेईल? त्याला ते खोटं दिसणारच.

काय बदललं ते सांगते. फ्लोट जाड घेतला, वरच्या अंगाला फुगीर आणि खाली निमुळता, २ ग्रॅमचा, म्हणजे प्रवाहात उलटत नाही. खोली साडेतीन फूट लावली, पाण्यापेक्षा अर्धा फूट जास्त. आणि वजन एका जागी न लावता १ आणि ४ नंबरच्या गोळ्या शर्टाच्या बटणांसारख्या सारख्या अंतरावर, मोठ्या वर आणि लहान खाली, शेवटची ६ नंबर हुकापासून वीतभर. आणि लाइन मोकळी न सोडता फ्लोटला जरा जरा अडवून धरायचं, इतकं की तो बुडबुड्यांपेक्षा किंचित मागे पडेल. मग आमिष पुढे आणि फ्लोट मागे अशी चाल होते आणि माशाला सगळ्यात आधी दिसतं ते आमिष, गोळ्या नाहीत. मधूनच टोक बारीक टिकटिक करतं, ती शेवटची गोळी गोट्याला लागतेय, ती टिकटिक ऐकू यायला लागली, म्हणजे दिसायला लागली, की वजन बरोबर. काहीच टिकटिक नाही तर एक ४ नंबर वाढवा, सारखं अडकतंय तर एक काढा. मी दर वीस पावलांवर बदलत गेले, कारण दर वीस पावलांवर पाणी वेगळं आहे.

अडकण्यावरून, गोट्यांत गोळ्या अडकून सगळंच तुटून जायचं, हूक, लीडर, सगळं. आता मी लीडर जोडते त्या गाठीचं एक शेपूट चार इंच लांब ठेवते आणि काही गोळ्या त्यावर लावते, शेवटी एक साधी गाठ. अडकलं की जोर लावल्यावर त्या गोळ्या घसरून जातात आणि बाकीचं वाचतं. शिसं नसल्यामुळे नदीत राहिलेल्या त्या दोन गोळ्यांचं मनाला खातं ते पण कमी खातं, तरी खातं.

पहिला ट्राउट त्याच दुपारी आला, पाणचक्कीच्या खाली मोठ्या दगडाच्या मागे, जोरातलं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतं त्या रेषेवर. टोक टिकटिक करत येत होतं आणि एकदम थांबलं. बुडालं नाही, थांबलं फक्त. मला वाटलं अडकलं, तरी रॉड उचलला, आणि ती थांबलेली जागा वरच्या अंगाला पळायला लागली. तेरा इंचांचा रेनबो, बाजूने गुलाबी पट्टा, हातात घेतला तर थंडगार, बर्फातून काढल्यासारखा. हात ओले करून धरला आणि मुलाने सोडला.

ऑक्टोबरमध्ये क्रॅपी नावाच्या माशासाठी लेक होपॅटकाँगला गेलो तिथला एक किस्सा सांगून टाकते. मासे बारा फुटांवर आणि आमचा रॉड साडेसहा फुटांचा, बांधलेला फ्लोट असला तर एवढी लाइन फेकणारच कशी. तिथे सरकता फ्लोट: लाइनवर दोऱ्याची एक गाठ, खाली बारीक मणी, मग फ्लोट, मग वजन. फेकताना फ्लोट वजनाजवळ असतो, पाण्यात पडला की वजन लाइन खेचत खाली जातं आणि गाठ मण्याला येऊन थांबते, तीच खोली. इथे मात्र माझी हलक्या वजनाची सगळी शिकवण थोडी बाजूला ठेवायला लागली, ०.६ ग्रॅमने लाइन फ्लोटमधून सरकतच नव्हती, फ्लोट आडवाच पडून राहायचा आणि आमिष दोन फुटांवर लोंबकळत. ट्रिपल एच्या दोन गोळ्या एकत्र, म्हणजे १.६ ग्रॅम, लावल्यावर सुळकन खाली. आणि एकदा मणी घालायला विसरले तर गाठ फ्लोटच्या भोकातून आरपार निघून गेली आणि वजन थेट तळाला, अर्धा तास कळलंच नाही काय चाललंय. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो खालून वर येऊन खातो, त्यामुळे आमिष माशाच्या फूटभर वर ठेवायचं आणि चावे जवळजवळ सगळे लिफ्टचे. मुलगा आता टोक वर आलं की मला विचारत नाही, सरळ ओढतो.

सध्या आमच्या इथे बर्फ आहे, तळ्यावर जाणं नाही. तर गेल्या आठवड्यापासून आम्ही दोघांनी सगळे फ्लोट परत बादलीत घालायला घेतलेत, कारण छापलेलं वजन आणि खरं वजन ह्यात फरक निघतो, दोन फ्लोटवर तर चक्क ०.३ ग्रॅमचा निघाला. मी काट्यावर बसते, तो टोक बघतो आणि "अजून एक आठ नंबर" असं सांगतो, मग खरा आकडा परमनंट मार्करने फ्लोटच्या पोटावर लिहितो, मराठीत लिहितो, रविवारच्या शाळेत शिकलाय. चौदा झालेत, पाच उरलेत, आणि ट्रिपल ए संपलेत, ते एप्रिलच्या आधी आणायचेत.